लेह-लडाख ग्रुप बाईक टूर, जूनअखेर : तयारी कशी करावी?

कृष्णाकाठचा (सांगली) | २ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसतं "जायचं, जायचं" चाललं होतं, यंदा मुहूर्त लागेल असं दिसतंय. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका टूरवाल्याबरोबर मनाली ते लेह बाईकवरून जायचा विचार आहे. मी ४८, बायको ४५, ती मागे बसणार. मला बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. घरी क्लासिक ३५० आहे. गोवा, कोकण, महाबळेश्वर हे सगळं तिच्यावरूनच झालंय, पण हिमालयात कधीच चालवलेली नाही.

टूरवाल्याने पाठवलेला कार्यक्रम असा : पहिला मुक्काम मनाली, दुसरा जिस्पा, तिसरा सरचू, चौथा लेह. मग एक दिवस लेहमध्येच आराम, पुढे नुब्रा, पँगाँग, परत लेह, आणि आल्या रस्त्याने मनाली. गाडी त्यांची (रॉयल एनफिल्डची हिमालयन), पुढे लीडर, मागे मेकॅनिक आणि बॅकअप गाडी. "तुम्ही फक्त हेल्मेट घेऊन या, बाकी सगळं आमच्यावर सोडा," असं म्हणाले.

प्रश्न :
१. व्यायाम कोणता आणि किती?
२. त्यांची गाडी घ्यावी की आपली न्यावी?
३. कपडे आणि बूट यांवर किती खर्च करावा?
४. अजून काय विचारायचं राहिलंय?

---

चहाबाज | २ मार्च, रात्री १०:४०

वाचनखूण साठवली. आमचंही कधीपासूनचं घोंगडं भिजत पडलंय. येऊ द्या प्रतिसाद.

---

उंडगा | २ मार्च, रात्री ११:०५

पैसे मोजून वरातीत कशाला फिरायचं? पुढे नवरदेव, मागे टेम्पो. दोन मित्र घ्या, गाडी काढा आणि सुटा. तो रस्ता काय टूरवाल्यांनी बांधलाय का?

---

घाटवाट (पुणे) | ३ मार्च, सकाळी ७:२०

उंडगा, पहिल्या खेपेला, तेही मागे बायको असताना, माणसाने सोबत घेतली तर बिघडलं कुठे? तिथे क्लच गेला तर गॅरेज शंभर किलोमीटरवर असतं. असो.

कृष्णाकाठचे दादा, तुमच्या चारही प्रश्नांआधी एक पाचवा प्रश्न आहे, तो तुम्ही विचारलेलाच नाही : रोज रात्री झोपणार किती उंचीवर? टूरवाले गाडी सांभाळतात, रस्ता सांभाळतात, जेवणाखाण्याचं बघतात. तुमचं शरीर उंचीला सरावेल की नाही हे मात्र त्यांनी आखलेल्या मुक्कामांवर ठरतं. टूर निवडायची ती तिथे बघून.

तुमचा कार्यक्रम मीटरमध्ये मांडतो. मनाली साधारण २,०५०. जिस्पा ३,२००. सरचू ४,२९०. लेह ३,५००. म्हणजे सलग दोन रात्री तुम्ही हजार-अकराशे मीटरने वर जाऊन झोपणार. डॉक्टर मंडळींचा ठोकताळा असा की ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये. जिस्पा ते सरचू अंतर जेमतेम ८५ किलोमीटर आहे, त्यामुळे कागदावर तो आरामाचा दिवस वाटतो. गोम तिथेच आहे.

सरचूची दुसरी अडचण नकाशात दिसत नाही. रात्री दोन वाजता तंबूत कुणाचं डोकं फुटायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर औषध एकच : खाली उतरा. पण सरचूहून खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं. मनालीकडे बारालाचा ला (ला म्हणजे खिंड; ४,८५० मीटरच्या वर), लेहकडे लाचुलुंग ला आणि तांगलांग ला, दोन्ही ५,००० च्या पलीकडे. मध्ये हॉस्पिटल नाही.

म्हणून जाणकार लोक श्रीनगरहून आत शिरतात आणि मनालीने बाहेर पडतात. श्रीनगर १,६०० च्या आसपास, सोनमर्ग २,७००, कारगिल तेवढंच, मग लेह ३,५००. वाटेतला सगळ्यात उंच घाट फोटू ला, ४,१०८ मीटर, तोही दिवसाढवळ्या ओलांडून पुढे उतरून झोपायचं. येताना सरचूला राहिलात तरी चालतं, तोवर अंगात आठवड्याभराची उंची मुरलेली असते.

तेव्हा टूरवाल्याला फोन करा आणि विचारा : जाताना जिस्पाला दोन रात्री देता का? सरचू टाळता का? की श्रीनगरकडून जाणारी बॅच आहे? उत्तर काय येतं यापेक्षा कसं येतं ते ऐका.

---

कृष्णाकाठचा | ३ मार्च, दुपारी १:३०

घाटवाट, आभार. सरचूचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण श्रीनगरचं नाव काढलं की घरचे डोळे वटारतात. पहलगामच्या हल्ल्यानंतर आई तर ऐकूनच घेत नाही.

---

थर्मामीटर | ३ मार्च, रात्री ९:१५

मी डॉक्टर आहे, आणि उंचीवर गाडीही चालवलीय. इथे लिहितोय ते सर्वसाधारण आहे. गोळी घ्यायची ती तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

व्यायाम करा, त्याने खांदे, पाठ, मांड्या तयार होतात आणि दिवसाचे आठ तास गाडीवर बसवतं. पण फिटनेस आणि विरळ हवेचा त्रास यांचा संबंध लोक समजतात तसा नाही. मॅरेथॉन पळणाऱ्यालाही त्रास होतो, पोट सुटलेल्या काकांना कधी काहीच होत नाही. उलट तरणीबांड पोरंच दम आहे म्हणून पहिल्याच दिवशी लेहच्या बाजारात उड्या मारतात आणि संध्याकाळी आडवी होतात.

डोकेदुखी, मळमळ, भूक मेलेली, चक्कर, झोप न लागणं : ३,००० मीटरच्या वर यातलं काहीही झालं तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरा. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. आराम करूनही वाढत असेल तर खाली. दोन गोष्टींना मात्र वाट बघायची नसते. बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला, म्हणजे फुफ्फुसात पाणी. आणि तोल जाणं, बडबडणं, सरळ रेषेत टाच-चवडा जोडून चालता न येणं, म्हणजे मेंदूला सूज. माणूस "मी बरा आहे" म्हणत असतो. त्याचं ऐकायचं नाही, त्याच रात्री खाली न्यायचं.

डायमॉक्स (अ‍ॅसिटाझोलामाइड) : प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार लागतं, सोडा पाण्यासारखा लागतो. बीपीच्या काही गोळ्या मुळातच लघवी वाढवणाऱ्या असतात, म्हणून दोन्ही एकत्र घेण्याआधी विचारणं तुमच्या बाबतीत जास्त गरजेचं. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि दोन आठवड्यांचा जादा साठा दोन वेगळ्या बॅगांत ठेवा.

ऑक्सिमीटर न्या, पण त्याच्या नादी लागू नका. लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९० दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतोय ते बघा. ते स्प्रेसारखे ऑक्सिजनचे डबे मिळतात, ते चार-पाच मिनिटांत संपतात. बॅकअप गाडीत खरा सिलिंडर आहे का आणि तो लावता कुणाला येतो, हे विचारा.

पहिले दोन दिवस दारू नाही, झोपेची गोळी नाही.

---

नवखा_रायडर (नाशिक) | ४ मार्च, सकाळी ११:००

डॉक्टरसाहेब, सरावासाठी कळसूबाईला दर रविवारी गेलं तर उंचीची सवय होईल का?

---

थर्मामीटर | ४ मार्च, सकाळी ११:२५

पाय तयार होतील. उंचीची सवय होणार नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, लेह तिच्या दुपटीहून वर. सह्याद्रीत कुठेही गेलात तरी उंचीचा सराव होत नाही, तो तिथेच जाऊन करावा लागतो.

---

स्पॅनर_१३ (कोल्हापूर) | ४ मार्च, रात्री १०:३०

सांगलीकर पावणं, गाडीचं मी सांगतो. गॅरेज आहे आपलं, वर जाणाऱ्या गाड्या दरवर्षी तयार करून देतो.

आपली क्लासिक न्यायला हरकत नाही, त्या रस्त्यावर बुलेटा कितीतरी वर्षं चालल्यात. न्यायची तर मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला पार्सल टाकायची. आरसी आणि आधारची झेरॉक्स, गोणपाटाचं पॅकिंग, टाकीतलं पेट्रोल थेंबही न ठेवता काढायचं. गाडी तुमच्याच ट्रेनने येईल या भरवशावर राहू नका, चार-पाच दिवस आधी टाका. पण मागं वहिनी, सामान आणि क्लासिक असं गणित असंल तर माझं मत हिमालयनकडं. पुढचं चाक २१ इंची, खड्ड्यात बसत नाही. सस्पेन्शनचा प्रवास जास्त. बसून दोन्ही पाय टेकतात का तेवढं आत्ताच शोरूमला जाऊन बघा. जुन्या ४११ सीसी हिमालयनची सीट ८०० मिमी, नवीन ४५० ची ८२५. पंचवीस मिमी म्हणजे काय, असं वाटंल. खडीच्या उतारावर गाडी थांबवल्यावर कळतंय.

त्यांचीच गाडी घेतली तर ताब्यात घेताना मोबाईलवर सगळ्या बाजूनं व्हिडिओ काढा. ओरखडे, लेगगार्ड, आरसे, सायलेन्सर, किलोमीटरचा आकडा. चेन हातानं वर-खाली करून बघा. ब्रेक पॅड किती उरलेत, टायरला नक्षी आहे का. क्लच लिव्हरला फ्री-प्ले (थोडी ढिलाई) आहे का. परत देताना डिपॉझिटवरनं होणारी निम्मी भांडणं इथंच मिटत्यात.

आता मुख्य. वर हवा पातळ. ५,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा राहतोय, म्हंजे इंजिनाचा दमबी तेवढाच. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण सांभाळतंय, पण नसलेली हवा कुठनं आणणार? गाडी ओढत नाही म्हणून लोक हाफ क्लचवर रेस करत्यात. सरचूच्या पुढच्या गाटा लूप्सची २१ वळणं संपेस्तोवर क्लच प्लेटा जळाल्याचा वास नाकात बसतोय. वळणाच्या आधी पहिला किंवा दुसरा गिअर, क्लच पूर्ण सोडायचा, हळूहळू जाऊ द्यायची. इंजिन गुरगुरलं तरी चालंल, क्लच जळता कामा नये.

पेट्रोल : मनालीकडनं जाताना तांदीच्या पंपावर बोर्ड आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटर. टाकी गच्च भरा. हिमालयन ४११ ला १५ लिटर, ४५० ला १७. चढावर दोघं बसून अ‍ॅव्हरेज पडतंय, म्हणून बॅकअप गाडीत जादा कॅन किती ते विचारा.

मेकॅनिक बरोबर असला तरी क्लच वायर, अ‍ॅक्सिलेटर वायर, एक प्लग, फ्यूज, पुढची-मागची ट्यूब गाडीत आहे का बघा. ४११ ला स्पोकची चाकं, ट्यूब असत्यात. रस्त्यात पंक्चर म्हंजे चाक काढणं आलं.

आणि येताना भडंग आणा.

---

मोगरा_ठाणे | ५ मार्च, दुपारी ३:४५

मी स्वतः चालवते, आणि नवऱ्याच्या मागे बसूनही गेले आहे. मागे बसणं जास्त अवघड, हे आधी लिहून ठेवा.

अख्ख्या धाग्यात वहिनींबद्दल "मागे बसणार" एवढंच आलंय. जॅकेट, गुडघ्याचे पॅड, घोट्यावरचे बूट, चांगलं फुल फेस हेल्मेट हे सगळं दोघांना. पुढच्यासाठी आर्मरचं जॅकेट आणि मागच्यासाठी कॉलेजचं विंडचीटर असे जोडपे दर ट्रिपला दिसतात. आदळल्यावर जमीन दोघांना सारखीच लागते.

टूरवाल्याला विचारा : बॅकअप गाडीत रिकाम्या सीट किती? पंधरा जणांच्या ग्रुपला एकच गाडी आणि तीही बॅगांनी भरलेली असेल तर आजारी पडलेला माणूस बसणार कुठे? वहिनींना एखाद्या दिवशी पाठ धरली, किंवा नाल्यातून जायची भीती वाटली, तर तेवढ्यापुरतं गाडीत बसता आलं पाहिजे. त्यात कमीपणा काही नाही.

कपड्यांवर खर्च : जॅकेट आणि हातमोजे यांत पैसे घाला, बाकी ठिकाणी वाचवा. थर्मल दोन जोड, त्यावर फ्लीस, त्यावर जॅकेट. पावसाळी सूट जॅकेटच्या वरून चढेल एवढा मोठा. हातमोजे दोन, कारण पहिला जोड पहिल्याच नाल्यात भिजतो आणि ओल्या हाताने क्लच दाबताना बोटं बधिर होतात. महागड्या वॉटरप्रूफ बुटांच्या नादाला लागू नका. शेतावर वापरतात ते काळे गमबूट मनालीत, लेहमध्ये स्वस्तात मिळतात. नाल्यांच्या दिवशी बूट बॅकअप गाडीत, पायात गमबूट, आत लोकरीचे मोजे.

बायकांसाठी : जिस्पा ते लेह या पट्ट्यात स्वच्छतागृह हा विषय सोडूनच द्या. मोठा पाँचो किंवा छत्री जवळ ठेवा, दगडाआड जाताना कामी येते. या भीतीने पाणी कमी पिऊ नका, तिथे तहान मारली की डोकं धरतं. पॅड घरूनच न्या, वापरलेले कागदात गुंडाळून बॅगेतून परत आणा. उंचीवर पाळी मागेपुढे होऊ शकते, तयारी ठेवा.

ओठांना व्हॅसलीन, नाकाला तूप. घरचं तूप. हसू नका.

---

चहाबाज | ५ मार्च, दुपारी ४:००

तुपाला +१.

---

सुभेदार_निवृत्त (सातारा) | ६ मार्च, सकाळी ६:१०

नोकरीत त्या भागात हिवाळे काढले आहेत. थोडक्यात लिहितो.

नाले सकाळी ओलांडा. रात्री बर्फ गोठतं तेव्हा वरून पाणी कमी येतं. ऊन चढलं की वितळतं आणि दुपारनंतर त्याच नाल्याला दुप्पट जोर येतो. झिंगझिंगबार ते भरतपूर (बारालाच्याच्या दोन्ही अंगांना) या टापूत आणि नुब्राहून श्योकमार्गे पँगाँगला जाताना हे लक्षात ठेवा. लीडर पहाटे पाचला उठवतो तो छळायला नाही.

नाल्यात शिरायच्या आधी थांबा. पुढची गाडी कुठून गेली, कुठे डगमगली ते बघा. मागच्या माणसाला उतरवा. पहिला गिअर, फुटरेस्टवर उभे राहा, नजर पलीकडच्या काठावर, अ‍ॅक्सिलेटर एकसारखा. मध्ये क्लच दाबू नका. गाडी पाण्यात बंद पडली आणि इंजिनात पाणी गेल्याची शंका असली तर स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, मेकॅनिकला बघू द्या.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. फौजी काफिला आला की बाजूला घेऊन उभे राहा. दोन ट्रकच्या मध्ये घुसू नका. त्या ड्रायव्हरला मागचं दिसत नाही आणि त्याला थांबणं परवडत नाही. दरीच्या बाजूला कडेवर गाडी लावून फोटो काढू नका, जूनमध्ये कडा भुसभुशीत असतात.

ग्रुपमध्ये लीडरच्या पुढे जायचं नाही. आरशात मागची गाडी दिसली पाहिजे, नाही दिसली तर थांबा. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत फाट्यावर उभे राहा. एवढं पाळलं तर चुकामूक होत नाही.

सीमा सडक संघटनेची माणसं रस्त्यावर काम करताना दिसतील. बिहार-झारखंडहून आलेले मजूर असतात, थंडीत डांबर शिजवतात. हात करा. बिस्किटाचा पुडा दिलात तर उत्तमच.

द्रासचं युद्ध स्मारक श्रीनगर-लेह रस्त्यावरच आहे. मनालीने जाऊन मनालीने आलात तर ते राहून जाईल.

---

उंडगा | ६ मार्च, सकाळी ९:३०

सुभेदारसाहेब, सलाम. वरातीचे शब्द मागे.

एक भर घालतो. खारदुंग लावर फोटोसाठी तासभर रेंगाळू नका. बोर्डावर १८,३८० फूट असं वर्षानुवर्षं मिरवलं, मोजणीत ती खिंड १७,५८२ भरते. डोकं दुखायला तेवढे पुरतात. पंधरा-वीस मिनिटं, एक फोटो, खाली. चहा नुब्राच्या बाजूला उतरून प्या.

---

नवखा_रायडर | ६ मार्च, सकाळी १०:१०

परमिट लागतं का? आणि मनालीची भाड्याची गाडी पँगाँगला चालते ना?

---

घाटवाट | ६ मार्च, दुपारी १२:४०

भारतीयांना नुब्रा-पँगाँगसाठी लागणारं इनर लाइन परमिट २०२१ साली काढून टाकलं. पर्यावरण शुल्क मात्र ऑनलाइन भरावं लागतं, पावतीच्या दोन-तीन प्रिंट आणि आधार जवळ ठेवा. निघण्याआधी लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर एकदा बघा, तिथले नियम हंगामागणिक हलतात.

दुसरा प्रश्न भारी विचारलास. नाही. लेहच्या बाहेरून भाड्याने आणलेली गाडी नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरीकडे तिथले भाडे-बाईकवाले जाऊ देत नाहीत. वाटेत अडवतात. तेवढ्या दिवसांसाठी लेहचीच गाडी घ्यावी लागते. स्वतःच्या नावावरची पांढऱ्या पाटीची गाडी चालते, मूळ आरसी जवळ हवी. काही टूरवाले लेहच्या गाडीचं भाडं पॅकेजमध्ये धरतात, काही लेहला पोचल्यावर हळूच वेगळं मागतात. दादा, तुमच्या यादीत हे ठळक लिहा.

मोबाईल : बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. दोघांपैकी एकाचं तरी महिनाभर आधी करून घ्या. बारालाच्याच्या अलीकडेपलीकडे तेही गप्प असतं, घरी तसं सांगून ठेवा, नाहीतर आई पोलिसांत जाईल.

आता सराव. उंचीचा होत नाही हे डॉक्टरांनी सांगितलंच, हाताचा होतो. आणि तुम्हाला लांब जायची गरज नाही. आंबा घाट, करूळ, भुईबावडा हे डांबरी वळणांसाठी. पण खरा सराव पाणंदीत. उसाच्या ट्रॅक्टरने चाकोऱ्या पाडलेली, मधे मुरूम उंच झालेली पाणंद शोधा. तिथे पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, पाय न टेकता दोनशे मीटर जा. मग फुटरेस्टवर उभं राहून. मग मागे वहिनींना घेऊन. चढावर थांबून पुन्हा निघणं, उतारावर इंजिन ब्रेकवर उतरणं, अरुंद जागेत यू-टर्न. सुट्या खडीत पुढचा ब्रेक दाबायची सवय मोडली पाहिजे. पडलेली गाडी उचलायची पद्धत गॅरेजवाल्याकडून शिका : गाडीकडे पाठ करून, गुडघे वाकवून, मांड्यांच्या जोरावर. पावणेदोनशे-दोनशे किलोचं धूड हाताने ओढायला गेलात तर सरळ फिजिओकडे जाल. ५,००० मीटरवर गाडी एकदा उचलली की पाच मिनिटं धाप जात नाही, म्हणून हाक मारा, दोघांनी उचला.

---

स्पॅनर_१३ | ६ मार्च, रात्री ९:५०

पाणंदीचं लाखात एक बोललात. माझ्या गावाजवळ एक हाय, तिच्यातनं गाडी काढली तर लडाख सोपं वाटंल.

---

कृष्णाकाठचा | ११ मार्च, रात्री १०:०५

मंडळी, अहवाल देतो.

पहिल्या टूरवाल्याला सरचूबद्दल विचारलं. म्हणाले, "त्यात काय, सगळे झोपतात सरचूला. डोकं दुखलं तर गोळी देतो." सिलिंडर आहे का, तर "लागलाच तर बघू". लेहच्या गाडीचं भाडं? "ते तिथे गेल्यावर." बॅकअप गाडीतल्या सीटचा प्रश्न ऐकून हसले. घाटवाट, उत्तर कसं येतं ते ऐका म्हणालात, ऐकलं.

मग मोगराताईंचे, डॉक्टरांचे, तुमचे असे सगळ्यांचे प्रश्न एका कागदावर लिहून दुसऱ्या एकाला फोन केला. तो न विचारता सांगायला लागला. पहिला मुक्काम श्रीनगर, मग सोनमर्ग, कारगिल, लेह. लेहला दोन पूर्ण दिवस थांबा, गाडीला किल्लीच नाही. नंतर नुब्रा, आणि पँगाँगला एकच रात्र. परत लेह, येताना सरचू, मनाली. ग्रुप बारा जणांचा, बॅकअपला टेम्पो ट्रॅव्हलर, त्यात पाच सीट मोकळ्या. सिलिंडर दोन, ते लावायला लीडर आणि मेकॅनिक दोघेही शिकलेले. नुब्रा-पँगाँगला लेहच्या गाड्या, भाडं पॅकेजमध्ये. पैसे पहिल्यापेक्षा जास्त आहेत, बायको म्हणाली भर.

आईचा प्रश्न उरला होता. सुभेदारसाहेबांचं द्रासचं वाक्य वाचून दाखवलं. आमचे मामा फौजेत होते. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, रोज रात्री फोन करायचा. होकार समजतोय.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. माझी बीपीची गोळी लघवी वाढवणाऱ्यांपैकी नाही, डायमॉक्सला हरकत नाही म्हणाले, आधी घरी दोन दिवस घेऊन बघायला सांगितलंय.

राहिले दोन प्रश्न. बायकोचा पाय ५ नंबर, त्या मापाचे गमबूट श्रीनगरला मिळतील का? की इथूनच न्यावेत? आणि स्पॅनरभाऊ, ती पाणंद नक्की कुठे आहे?

---

मोगरा_ठाणे | ११ मार्च, रात्री १०:३०

इथूनच न्या. लहान मापाचे तिथे शोधत बसाल. कृषी सेवा केंद्रात विचारा, एक नंबर मोठा घ्या, आत दोन मोजे बसले पाहिजेत.

---

थर्मामीटर | ११ मार्च, रात्री ११:००

दोन दिवस घरी घेऊन बघणं योग्यच. लेहला सोनम नोर्बू हे सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे अशा पेशंटची सवय आहे. लीडरला त्याचा रस्ता माहीत आहे का तेवढं विचारून ठेवा.

---

स्पॅनर_१३ | १२ मार्च, सकाळी ७:१५

गगनबावड्याच्या अलीकडं. रविवारी सकाळी ६ ला गॅरेजवर या, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. वहिनींना पण आणा, हेल्मेट दोघांचं. मागच्या टायरला हवा दोघांच्या वजनाची भरून या, आणि भडंग विसरू नका.

---

नवखा_रायडर | १२ मार्च, सकाळी ७:४०

नाशिकहून शनिवारी रात्री निघालो तर पोचतोय. मी पण येऊ का?

---

स्पॅनर_१३ | १२ मार्च, सकाळी ७:५२

ये की. पण रात्रभर गाडी चालवून पाणंदीत उतरवणार नाही. शुक्रवारी ये, शनिवारी झोप काढ.